मागचा दिवा

दिवाळीनंतर माझी ड्युटी बदलली. राहुरीतल्या एका खासगी दवाखान्यात मी नर्स आहे. तोपर्यंत माझी सकाळची पाळी असायची. दुपारच्या पाळीतली सिस्टर लग्न होऊन सोलापूरकडे गेली आणि डॉक्टरांनी मला विचारलं, म्हणजे सांगितलंच, की आता तुम्ही दोन ते नऊ करा. मी हो म्हटलं. नाही म्हणायला कारण होतं, पण ते डॉक्टरांना सांगण्यासारखं नव्हतं. मला रात्रीच्या रस्त्याची भीती वाटते, एवढंच ते कारण.

आमची वस्ती गावापासून सहा किलोमीटरवर, धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला. दिवसा रिक्षा मिळतात, संध्याकाळी सातनंतर एखादी मिळाली तर मिळाली. नवरा चाकणला कंपनीत. शनिवारी रात्री येतो, सोमवारी पहाटे जातो. स्कूटी होती, पण तीन वर्षांपूर्वी तिच्यावरून पडून मी मनगट मोडून घेतलं. त्यानंतर तिचं हँडल धरलं तरी तळहाताला घाम सुटायचा. शेवटी ती विकून टाकली. राहिली मुलीची गिअरची सायकल. मुलगी शिकायला नाशिकला होस्टेलवर गेल्यापासून ती ओसरीत धूळ खात होती. सायकल मला शाळेपासून येते. तिची मला भीती वाटत नाही.

ड्युटी बदलल्याचं कळल्यावर भेटेल तो बिबट्याचं विचारायचा. आमच्याकडे उसात बिबट्या आहेच, कुणाची शेळी नेली, कुणाचं कुत्रं नेलं हे सारखं कानावर येतं. पण माझी भीती उसातून येणाऱ्याची नव्हती, मागून येणाऱ्याची होती. दिवाळी झाली की कारखाने सुरू होतात. मग रात्रभर रस्त्यावर ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या, वर दोन माणसांएवढा उंच ऊस, आणि त्यांच्या आगेमागे घाईतल्या मोटारसायकली आणि ट्रक. त्या दिवसांत दवाखान्यात अपघाताची केस आली की मी पेपर भरायला घेते आणि नातेवाईक सांगायला लागायच्या आधीच मला माहीत असतं. अंधारात दिसलं नाही. प्रत्येकाचं तेच. मारणाऱ्याला दिसलं नाही आणि मरणाऱ्यालाही दिसलं नाही.

पहिले दोन दिवस मी मोबाईलची टॉर्च लावून, मोबाईल पुढच्या बास्केटमध्ये टेकवून आले. खड्ड्यात चाक गेलं की उजेड आभाळाकडे जायचा. मागे काहीच नव्हतं. मागून गाडीचा आवाज आला की मी खांदे वर ओढून घ्यायची, जणू त्याने काही होणार होतं.

दुसऱ्या रात्री घराजवळ पोचले तर सासरे वस्तीच्या वळणावर उभे. त्यांना आम्ही मामा म्हणतो. सासूबाई गेल्यापासून आठवड्यातले पाच दिवस घरात आम्ही दोघंच. मामा एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर होऊन बारा-तेरा वर्षं झाली. फार बोलत नाहीत. त्या रात्री ते माझ्याबरोबर घरापर्यंत चालत आले, सायकल मागून पुढून पाहिली आणि म्हणाले, "पोरी, तू मला रस्त्यावरून दिसलीच न्हाई. आवाज आला तवा कळालं."

मी म्हटलं, दिवे घेते उद्या.

दुसऱ्या दिवशी ड्युटीला जाण्याआधी सायकलच्या दुकानात गेले. दुकानदाराने पुढचा एक दिवा दाखवला, मोबाईलच्या केबलने चार्ज होणारा, आणि मागे लावायला बटणाएवढ्या सेलवर चालणारा छोटा लाल दिवा. तो लुकलुकायचा. मला दोन्ही छान वाटले. घेऊन टाकले.

चौथ्या रात्री पुढचा दिवा विझला. आदल्या दिवशी लाइट नव्हती आणि दवाखान्यात चार्जिंगला लावायचा राहून गेला, तो माझाच हलगर्जीपणा. पण तो विझला कसा ते मी विसरणार नाही. कालव्याच्या पुलावरून उतरले आणि दिवा मंद न होता, काही न सांगता एकदम गेला. इतका वेळ त्या उजेडाला डोळे सरावलेले, त्यामुळे मला रस्ता, ऊस, आभाळ काहीच वेगळं दिसेना. सायकल चालतच होती. मी ब्रेक दाबला, पाय टेकला तर खाली डांबर नव्हतं, माती होती. म्हणजे मी रस्त्याच्या खाली उतरत होते, आणि त्या बाजूला कालवा. तशीच उभी राहिले. उसात वाळलेलं पाचट वाजलं. उंदीर असेल, घूस असेल, पण मी हँडल सोडून दोन्ही हात छातीशी घेतले आणि सायकल पडली. मग मोबाईल काढला. उरलेले चार किलोमीटर मी सायकल हातात धरून चालत आले. मागून ट्रॅक्टर आला की कडेच्या बाभळीला टेकून उभी राहायची आणि गेला की पुन्हा चालायची.

मामा वळणावर होतेच. घरात गेल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं, आणि सांगताना रडू आलं. त्यांनी दोन्ही दिवे काढून हातात घेतले. मागचा लहान दिवा त्यांनी चिमटीत धरून बराच वेळ पाहिला. "ह्यो काय कामाचा न्हाई," म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून मामांनी दिव्यांचं काम स्वतःकडे घेतलं. दिवे ठरेपर्यंत मी रिक्षावाल्याला जास्तीचे पैसे देऊन आले. रविवार आला, माझ्या सुट्टीचा. दिवस मावळल्यावर त्यांनी मला सायकल घेऊन कालव्याच्या कडेच्या सरळ रस्त्यावर नेलं. मुलगी वापरायची ती जुनी लाइट, माझी नवी लाइट, आणि नवऱ्याने पुण्याहून आणलेली एक, असे तीन लाल दिवे त्यांच्या खिशात होते. माझ्या चुलत दिरांना त्यांनी मोटारसायकल घेऊन बोलावलं होतं. मामा पुलाच्या कठड्यावर चढून उभे राहिले. "ड्रायव्हर हितक्या उंचीवर बसतोय," म्हणाले. मला त्यांनी दोनशे पावलं पुढे पाठवलं, त्यांच्याकडे पाठ करून. माझ्याही पुढे दिरांना मोटारसायकल घेऊन उभं केलं, तोंड आमच्याकडे आणि अप्पर लाइट लावून. समोरून गाडी आली की मागच्या ड्रायव्हरला काय दिसतं, ते त्यांना बघायचं होतं.

मला ते सगळं थोडं अतिच वाटत होतं. दीरही हसत होते. एकेक दिवा लावायचा, मामा लांबून हात करायचे, मग पुढचा. माझा बटणसेलचा दिवा समोरच्या अप्परमध्ये दिसलाच नाही. पुण्याहून आणलेला दिवा लुकलुकत तर होताच, शिवाय रस्त्यावर दोन लाल रेघा मारत होता. मामा म्हणाले, "ही लग्नातली लाइट हाय. आन् नुसतं हाय-न्हाई, हाय-न्हाई करतीया. दिसतंय खरं, पर किती लांब हाय ते कळंना." एकच दिवा त्यातल्या त्यात बरा ठरला, तो मुलीचा जुना. पण त्याची काच पिवळी पडली होती.

मग आठवडाभर त्यांची खरेदी चालली. सकाळी दूधवाल्याच्या गाडीवर बसून राहुरीला जायचे, दुकानात दिवे हातात घेऊन बघायचे, एखादा घरी आणायचे, अंधार पडल्यावर दिरांना दिवा धरून उभं करायचे आणि पटला नाही की दुसऱ्या दिवशी परत करायचे. दुकानदार कंटाळला असणार, पण मामांच्या वयाकडे बघून बोलला नाही. शेवटी ठरलं ते असं. मागे मुठीएवढा, रुंद काचेचा दिवा, एकसारखा जळणारा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. चार्जिंगचा नाही. आमच्याकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि बॅटरीला सेल. मामांचं म्हणणं होतं की सेल मरताना सांगून मरतो, आधी पिवळा होतो, मग मिणमिणतो, घरी पोचण्याइतका वेळ देतो. चार्जिंगवाला दगा देतो. पुढे मात्र चार्जिंगवालाच राहिला, कारण उजेड त्याचाच चांगला होता. त्याचं तोंड मामांनी खाली वळवून घट्ट आवळलं, समोरच्याच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून. पिशवीत एक जादा टॉर्च आणि दोन जादा सेल, अंगावर चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट. पायडलला दोन्ही बाजूंनी पिवळे रिफ्लेक्टर. ते कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, "वर-खाली होताना दिसलं की ड्रायव्हरला कळतं, मानूस हाय. न्हाईतर त्याला वाटतं खांब हाय, नाहीतर दगड हाय."

मागच्या दिव्याचे सेल ते दर पंधरा दिवसांनी बदलायचे, संपलेले नसले तरी. काढलेले सेल घड्याळात आणि टीव्हीच्या रिमोटमध्ये जायचे.

हा सगळा खटाटोप कशापायी, ते त्यांनी मला कधी सांगितलं हे नीट आठवतं. दिवा ठरला त्या, पुढच्या रविवारच्या संध्याकाळी शेवटची चाचणी घ्यायची होती. दीर आले नव्हते, आम्ही दोघंच होतो. मी थकले होते. मी म्हटलं, मामा, पुरे आता, तुम्ही आठ दिवस एका दिव्यापायी घालवले. ते कठड्यावरून खाली उतरले आणि तिथेच बसले. मला वाटलं राग आला.

मग त्यांनी सांगितलं. नोकरीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. मुक्कामाची गाडी घेऊन ते पाथर्डीकडे चालले होते. तिसगावच्या अलीकडे रस्ता अरुंद होता तेव्हा. समोरून एक ट्रक अप्पर मारत आला आणि गेला, आणि त्यानंतर दोन-तीन सेकंद त्यांना काहीच दिसलं नाही. दिसायला लागलं तेव्हा सायकलवाला गाडीच्या पुढ्यातच होता. सायकलला दिवा नव्हता.

"त्याला गाडीचा आवाज आला हुता," मामा म्हणाले. "त्यानं मागं दाखवायला बॅटरी काढली हुती. ती लागंना. येका हातानं हँडल धरलं हुतं आन् दुसऱ्या हातानं बॅटरी मांडीवर आपटत हुता. तेवढंच दिसलं मला."

तो माणूस दवाखान्यात पोचेपर्यंत राहिला नाही. चौकशी झाली. मामांची चूक निघाली नाही. पुढे त्यांनी अकरा वर्षं गाडी चालवली. हे घरात सासूबाईंना माहीत होतं, मुलांना नाही. माझ्या नवऱ्याला तर नाहीच.

अंधार झाला होता. मी सायकल वळवली आणि आम्ही घरी आलो.

खरं सांगायचं तर त्या गोष्टीने माझी भीती कमी झाली नाही, वाढली. आतापर्यंत मागून येणारी गाडी म्हणजे नुसता आवाज होता. आता त्या काचेमागे एक माणूस बसलेला दिसायला लागला, ज्याला मी दिसत नाहीये. आणि दुसरी भीती अशी की आपला मागचा दिवा आपल्याला दिसत नाही. पुढचा विझला तर कळतं. मागचा विझला तर मागच्यालाच कळतं, तेही कळलं तर. मी दर थोड्या अंतरावर थांबून वळून बघायला लागले. आधी प्रत्येक किलोमीटरला, मग दर चार खांबांना. दिवा जळत असायचा. पुन्हा सायकलवर बसायची आणि दोन खांब गेले की मन म्हणायचं, आत्ता गेला असेल. वीस मिनिटांच्या रस्त्याला मला पाऊण तास लागायला लागला. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. मामांना सांगितली असती तर त्यांनी अजून एक दिवा आणला असता.

संक्रांत होऊन गेली होती. थंडी चांगलीच होती. त्या रात्री साडेनऊच्या सुमारास मी निम्मा रस्ता ओलांडून बाभळीच्या वळणाशी आले. वळण घेतलं आणि पुढच्या दिव्याच्या उजेडात एक दगड दिसला. रस्त्यावर एवढा मोठा दगड का, हे डोक्यात येईपर्यंत चाक त्यावर आदळलं आणि मी पडले. गुडघा डांबरावर घासला. मान वर केली तर तोंडापासून हातभर अंतरावर उसाची टोकं लोंबत होती.

ऊस भरलेली एकटीच ट्रॉली रस्त्यात उभी होती. पुढे ट्रॅक्टर नव्हता. एक चाक आत दबून तिरकं झालेलं. मागे कसलाही दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, नुसते दोन-तीन दगड ठेवलेले. मी दगडावर पडले नसते तर सरळ त्या उसात गेले असते.

"कोन हाय?" ट्रॉलीच्या पलीकडून बाईचा आवाज आला.

चाकाला टेकून, गोधडी गुंडाळून ती बसली होती. माझ्याच वयाची असेल. पाथर्डीकडची, ऊसतोड टोळीतली. ट्रॉलीच्या चाकाचा हब तुटला म्हणून ड्रायव्हर पुढची ट्रॉली कारखान्यावर खाली करायला घेऊन गेला होता, आणि येताना मिस्तरी आणणार होता. तिचा नवराही त्याच्याबरोबर गेला. ऊस राखायला तिला ठेवलं होतं. तासाभरात येतो म्हणाले होते, त्याला तीन तास झाले होते. इतका वेळ ती गाडी आली की उठून मोबाईलचा उजेड दाखवत होती. आता मोबाईलचं चार्जिंग संपलं होतं.

"गाड्या पार अंगावर येऊन वळत्यात ताई," ती म्हणाली. "म्या आता उठायचंच सोडलंय."

ती हे सांगत असतानाच मागून मोटारसायकल आली. तिचा उजेड बाभळींवर पडला, मग वळणावरून आमच्यावर. ब्रेकचा आवाज आला, गाडी घसरल्यासारखी झाली आणि आमच्या उजवीकडून निसटून गेली. चालवणारा शिवी देऊन गेला. मी त्या बाईचा दंड धरला होता, ते मला नंतर कळलं.

पुढचं मी मोठ्या मनाने केलं असं कुणाला वाटू नये. मी तिथे उभी राहून बराच वेळ हिशेब करत होते. पुढचा दिवा द्यावा तर मला रस्ता दिसणार नाही, आणि मागे पांढरा दिवा लावला तर येणाऱ्याला वाटेल समोरून गाडी येते आहे. पिशवीतली टॉर्च द्यावी तर तीही पांढरीच, आणि हातात धरून कितीदा उठणार ती. तिला म्हणावं, चल रस्त्याखाली बस, आणि आपण निघून जावं, हेही मनात आलं. तसंच करणार होते मी. पण रात्रीच्या सिस्टरने भरलेला एखादा पेपर उद्या दुपारी माझ्या टेबलावर असेल आणि त्यावर या वळणाचं नाव असेल, हे मला दिसलं.

मी मागचा दिवा काढला. तिने उसाच्या शेंड्याचे दोन हिरवे वाढे ओढून त्यांना पीळ दिला, मोळी बांधतात तसा, आणि दिवा ट्रॉलीच्या मागच्या बाजूला, छातीच्या उंचीवर घट्ट बांधला. मी वळणाच्या मागे जाऊन पाहिलं. वळणाच्या आधी बाभळींमुळे तो दिसत नव्हता, वळल्यावर दिसत होता. पुरेसं नव्हतं ते, पण काहीच नसण्यापेक्षा बरं. पिशवीतले दोन जादा सेल मी तिला दिले आणि बदलता येतील का विचारलं.

"बॅटरीत घालतो की आमी," ती म्हणाली. तिला ट्रॉलीपासून लांब, बांधाच्या वर बसवलं आणि निघाले.

उरलेल्या तीन किलोमीटरबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मागे उजेड दिसला की मी खाली उतरायची, सायकल रस्त्याखाली ओढायची, गाडी जाईपर्यंत उसाच्या कडेला उभी राहायची. एरवी दर चार खांबांना वळून बघणारी मी, त्या रात्री मागे बघायला दिवाच नव्हता. पाठीला मुंग्या आल्यासारखं होत होतं. गुडघ्यातून रक्त येऊन मोजा ओला झाला होता.

मामा वस्तीच्या वळणावर होते. उशीर झाला एवढंच म्हणाले. मग त्यांनी टॉर्च सायकलच्या मागे मारली.

"मागची कुठं हाय?"

मी सांगितलं. ट्रॉली, वळण, ती बाई, सगळं. त्यांनी मधे एकच विचारलं, ट्रॉली वळणाच्या किती पुढं हाय. मी म्हटलं, दहा-बारा पावलं. ते "मंग लाइट उपेगाची न्हाई" म्हणाले आणि घरात गेले. परत आले तेव्हा डोक्याला मफलर, खांद्यावर घोंगडं आणि हातात त्यांची तीन सेलची मोठी टॉर्च. सायकल त्यांनी माझ्या हातातून घेतली.

मी अडवलं. म्हटलं, मी भाऊजींना फोन करते, ते मोटारसायकलवर जातील. फोन केला, लागला नाही. त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची होती आणि दीर रानात पाण्यावर होते. मामा तोवर सायकलवर बसत होते. एकाहत्तराव्या वर्षी, मोतीबिंदू काढलेले डोळे. मी त्यांचा हात धरला. सासऱ्यांचा हात मी त्याआधी कधी धरला नव्हता.

"सोड," ते म्हणाले. रागाने नाही. "वळनाच्या मागं मानूस उभा पाहिजे."

मी माझं चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट काढून त्यांना घालायला लावलं, तेवढं त्यांनी ऐकलं. ते निघाले. मागे दिवा नव्हता. मी टॉर्च मारली तर जॅकेटच्या पट्ट्या दिसल्या, मग टॉर्च पोचेना. मी ती बंद केली आणि बघत राहिले. रस्त्यावर काहीच नव्हतं. पुढचा दिवा त्यांच्या अंगाआड, त्यामुळे मागून बघणाऱ्याला ते नव्हतेच. मागून बघणाऱ्याला काय दिसतं, ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मोबाईल त्यांनी घरातच ठेवला होता. मी गुडघा धुतला, पट्टी केली, आणि दाराशी पायरीवर बसले. रस्त्यावरून गाडी गेली की तिचा आवाज विरेपर्यंत ऐकायची. वेग कमी झाला का, थांबली का. अकराला मी दवाखान्यात रात्रपाळीच्या सिस्टरला फोन केला आणि विचारलं, अपघाताची केस आली आहे का. नाही म्हणाली. एक वाजता पुन्हा केला. तिने विचारलं, काय झालंय, कुणाची वाट बघतेस? मी म्हटलं, काही नाही. अडीचला तिसऱ्यांदा केला तेव्हा ती वैतागली होती, पण नाही म्हणाली. ते "नाही" ऐकलं की दहा मिनिटं बरं वाटायचं. साडेतीनला चुलत दिरांचा फोन लागला. ते रानातून मोटारसायकल घेऊन गेले आणि थोड्या वेळाने त्यांचा फोन आला. मामा वळणाच्या मागे उभे आहेत, चला म्हटलं तर येत नाहीत, मीही इथेच थांबतो.

उजाडायच्या आत दोघं आले. दीर पुढे, मामा सायकलवर मागे. ड्रायव्हर आणि मिस्तरी साडेचारला आले होते, ट्रॉली हलली होती. मागच्या दिव्याची जागा रिकामीच होती. मामा म्हणाले, कारखान्यापर्यंत लाइट ट्रॉलीलाच राहू दिली.

मी चहा ठेवला. साखर सांडली. मग मी बोलले, आणि एवढं मोठ्याने मी त्यांच्यापुढे कधी बोलले नव्हते. म्हटलं, तुम्हाला काही झालं असतं म्हणजे? मी इथे रात्रभर काय करत होते तुम्हाला माहीत आहे का?

मामांनी कप खाली ठेवला. "व्हय," म्हणाले. "झालं असतं."

थोड्या वेळाने म्हणाले, "सतरा गाड्या गेल्या. समद्या सावकाश गेल्या." आणि झोपायला गेले.

दुपारी ड्युटीला जाताना मी दुकानात थांबले. त्याच जातीचा दिवा घेतला, दुकानदाराला बाहेर सायकलच्या मागे उभं राहून बघायला लावलं. त्या दिवशी दवाखान्याचं दार वाजलं की मी उठून बघायची. एक मोटारसायकलवरून पडलेला मुलगा आला, हाताला खरचटलं होतं, तेवढंच. ती बाई परत कधी भेटली नाही.

शनिवारी नवरा आला. गुडघ्याची पट्टी पाहून त्याने विचारलं आणि मी ट्रॉलीचं सांगितलं, मामा रात्रभर तिथे थांबले हेही सांगितलं. तो हैराण झाला. बाबांना या वयात काय सुचतं, म्हणाला. मामा समोर बसून भाकरी खात होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही आणि तिसगावची गोष्ट मीही काढली नाही. नवरा म्हणाला, तू ही ड्युटी सोड. मी म्हटलं, सीझन संपेपर्यंत बघते.

सोमवारी पहाटे तो चाकणला गेला. रात्री नऊ वाजता मी दवाखान्यातून सायकल बाहेर काढली, तेव्हा समोरून उसाचा ट्रॅक्टर चालला होता. तो जाईपर्यंत मी फाटकात थांबले, आणि त्याच्यामागे आणखी एक येत होता, तोही पुढे जाऊ दिला.